तेंदू तोडायचा की सोडायचा? (रविवारी ग्रामसभा आहे, लवकर सांगा)

टेंभरू
नमस्कार. मी इथे वाचायला येते, लिहीत सहसा नाही. पण रविवारी ग्रामसभा आहे आणि आठ दिवसांपासून घरात, विहिरीवर, दळणाच्या रांगेत एकच विषय चालू आहे, म्हणून हा धागा काढला.

कुरखेडा तालुक्यातलं लहान गाव, ऐंशीच्या आत घरं. सामूहिक वनहक्क, म्हणजे गावाच्या जंगलावर ग्रामसभेचा हक्क, मिळून बरीच वर्षं झाली. व्यवस्थापन समितीची मी सचिव, म्हणजे रजिस्टर लिहिणारी. २०१३ साली गडचिरोली-गोंदियातल्या काही ग्रामसभांनी वनखात्याच्या लिलावातून बाहेर पडून तेंदूपत्ता (बिडी वळायचं पान) स्वतः विकला. त्यांचं बघून पुढे आम्हीही तेच केलं. मजुरी तोडणाऱ्याला, रॉयल्टी ग्रामसभेच्या खात्यात.

आता झालं असं, की आमची दोन पोरं गोंडपिपरी तालुक्यातल्या पाचगावला जाऊन आली. त्या गावाला २०१२ साली हक्क मिळाला. बांबू स्वतः तोडून स्वतः विकतात, आणि तेंदू मात्र त्यांनी ठरवून बंद केला. कोवळा, मोठा पत्ता फुटावा म्हणून झुडपं छाटतात, आणि छाटायचा कंटाळा आला की कोणीतरी काडी लावतं. काडी लावली की नुसतं तेंदूचं झुडूप जळत नाही, दोन वर्षांची बेहड्याची, चारोळीची रोपटीही जातात. पोरं म्हणतात, आपणही बंद करू.

सासूबाईंचं म्हणणं वेगळं. "पत्ता नाही तोडलो त बिजाई कोठून आणू? तुमचा बेहडा मोठा होईपर्यंत मी राहीन काय?" मे महिन्यातले ते पंधरा-वीस दिवस म्हणजे आमच्याकडे धानाच्या हंगामाचं भांडवल आहे. ते बुडालं तर सावकार.

दोघांचंही मला पटतं, हीच अडचण. कोणाच्या गावात असा निर्णय झाला असेल तर सांगा. फक्त "जंगल वाचलं पाहिजे" एवढंच लिहायचं असेल तर राहू द्या, ते भिंतीवर रंगवलेलं आहे.

शनिवारवाडा
बीडीने माणसं मरतात. तेंदू बंद होणं आरोग्याच्या दृष्टीनेही चांगलंच नाही का?

टेंभरू
होय. मग बियाण्याचे पैसे तुमच्याकडून घेऊन जाऊ का?

शनिवारवाडा
बरं, चूक झाली. वाचतो आहे.

सातपुडी
मी अचलपूरकडला. आमच्या इकडे पायविहीर नावाचं गाव हाये, तेथचं सांगतो. २०१२ मध्ये त्यायले १९३ हेक्टरचा हक्क भेटला, पन भेटला तवा तेथं जंगल नावाले होतं. उघडा बोडका डोंगर. लोकायनं चराई थांबवली, झाडं लावली, पानी अडवलं. सीताफळ होतंच, ते आधी व्यापारी मातीमोल भावात न्यायचा. मंग त्यायनं सोताच निवडून, खोक्यात भरून मुंबईले पाठवलं. २०१४ मध्ये यूएनडीपीचा (संयुक्त राष्ट्रायच्या विकास कार्यक्रमाचा) जैवविविधता पुरस्कार भेटला. आता ताई, तुमचा सवाल येगळा. त्यायच्यापाशी गमवाले काही नोतं. तुमच्यापाशी हाये. म्हून पायविहीर पाहून घाई करू नका, पन येक गोष्ट घ्या: फळ तेच होतं, डोंगर तोच होता, विकनारा बदलला.

निवृत्त_वनरक्षक
चौतीस वर्षं नोकरी केली, त्यातली बरीच वर्षं वडसा-कुरखेड्याकडे. दोन गोष्टी स्पष्ट लिहितो, राग येणार असेल तर येऊ दे.

पहिली. आगीचं सगळं खापर तेंदूवर फोडू नका. मार्च-एप्रिलमध्ये मोहाखालचा पालापाचोळा जाळतात, फुलं पांढरी दिसावीत म्हणून. झाडाखाली जाळलेलं झाडाखाली राहत नाही. मी विझवलेल्या वणव्यांपैकी निम्मे तरी मोहाच्या बुंध्यापासून सुरू झालेले होते. तेंदू बंद केलात आणि मोह जाळत राहिलात तर रोपटी तशीच मरणार.

दुसरी. जाळरेषा, म्हणजे आग पुढे सरकू नये म्हणून साफ केलेला पट्टा, आम्ही काढायचो तेव्हा लोक हसायचे. हक्क ग्रामसभेला मिळाला म्हणजे जाळरेषासुद्धा ग्रामसभेलाच मिळाली. ती कोण काढतं तुमच्या गावात?

टेंभरू
काका, राग नाही आला. जाळरेषा कोणीच काढत नाही. रजिस्टरमध्ये दोनदा ठराव आहे.

वैनगंगा
निवृत्त काकांचं मोहाबद्दल बरोबर आहे, पण खात्याची बाजू इतकी स्वच्छ नाही. बांबू गवत आहे की झाड, यावर देशात किती वर्षं भांडण चाललं! १९२७ च्या कायद्यात तो झाड, म्हणून खात्याचा. २००६ च्या वनहक्क कायद्याने तो गौण वनोपजात (इमारती लाकूड सोडून जंगलातला बाकीचा माल) घातला, तरी वाहतूक परवाना खातंच देणार म्हणे. मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सुमारे १८०० हेक्टरचा हक्क मिळाला आणि बांबूच्या वाहतूक परवान्याचं (टीपीचं) पुस्तक ग्रामसभेच्या हातात यायला २०११ चा एप्रिल उजाडला. त्यासाठी केंद्रीय मंत्र्याला, जयराम रमेश यांना, गावात यावं लागलं. एका पावतीपुस्तकासाठी! हक्काच्या कागदापेक्षा ते पुस्तक महत्त्वाचं होतं, कारण पुस्तक ज्याच्या हातात त्याच्या दारात व्यापारी.

आणि मेंढा गावात निर्णय सर्वसहमतीने होतात, बहुमताने नाही. तुमच्या पोरांना हे सांगा. रविवारी हात वर करून तेंदू बंद केलात तर सोमवारी हरलेला अर्धा गाव रात्री तोडायला जाईल.

निवृत्त_वनरक्षक
पावतीपुस्तकाचं मान्य. आम्हालाही वरून आदेश नव्हता. असो.

चिकूची_बी
बऱ्याच दिवसांनी लॉगिन केलं ते या धाग्यासाठी. मी मूळची भंडाऱ्याची. लाकडाच्या प्रमाणीकरणाच्या कामात होते तेव्हा ग्वातेमालाच्या उत्तरेला, पेतेन भागात काही आठवडे राहिले. विषयाला सोडून वाटेल, पण तुमच्या तेंदूसारखंच तिथे एक पान आहे. थोडं लांबण लावते.

तिथे १९९० मध्ये माया बायोस्फीअर राखीव क्षेत्र जाहीर झालं, सुमारे २१ लाख हेक्टर. आत लोक आधीपासून राहत होते. काही भाग कडक राष्ट्रीय उद्यानं झाला आणि काही भाग १९९४ पासून गावांच्या संस्थांना २५ वर्षांच्या कराराने दिला. अट अशी, की तीन वर्षांत बाहेरच्या यंत्रणेकडून जंगलाच्या कामाचं प्रमाणपत्र घ्यायचं आणि टिकवायचं, नाहीतर करार जातो. बारा संस्थांना असे करार मिळाले. पुढे काय झालं? ज्या उद्यानांत माणसाला बंदी होती, त्यांपैकी पश्चिमेकडच्या लागुना देल तिग्रेसारख्या उद्यानांत गुरांच्या कुरणांसाठी जंगल जाळलं गेलं. गावांच्या ताब्यातल्या जुन्या करारांमध्ये तोड जवळजवळ नाहीच. उपग्रहाच्या चित्रात ती सीमा दिसते, एका बाजूला हिरवं आणि दुसऱ्या बाजूला राख.

आता पान. शाते नावाचं बुटकं ताडझाड सावलीत वाढतं. त्याची पानं अमेरिकेत पुष्पगुच्छात लावतात, चर्चमध्ये पाम संडेला वापरतात. तोडणारा पुरुष, निवडणाऱ्या बाया. पूर्वी पैसे मोजणीवर मिळायचे, इतकी पानं इतके पैसे. मग माणूस काय करणार? फाटकं, किडकं, कोवळं, दिसेल ते कापणार. शहरातल्या गोदामात निवडताना त्यातलं केवढं तरी फेकलं जायचं, आणि झाड मात्र उघडं पडलेलं. वाशाक्तून, कार्मेलिता या गावांनी पुढे निवड गावातच आणली आणि पैसे चांगल्या पानाला द्यायला सुरुवात केली. वाया जाणं घटलं. तोडणारा आपोआप झाडावर एकदोन पानं सोडायला लागला, कारण खराब पान वाहून आणायला आता त्याची पाठ फुकट नव्हती.

टेंभरू, तुमच्याकडे फळीवर (पत्ता गोळा करतात तिथे) पुडा मोजून घेतात ना? सत्तर पानांचा? मग पान कसं आहे हे कोण बघतं?

टेंभरू
सत्तरचाच पुडा, हजार पुड्यांची एक गोणी. बघतो मुन्शी, ठेकेदाराचा माणूस. पान कसंही असो, शंभरावर चार-पाच पुडे "खराब" म्हणून जास्तीचे घेतो. चांगलं पान आणलं तरी घेतो. त्यामुळे बाया म्हणतात, कापायचंच आहे तर लहान-मोठं सगळं कापा, तिकडे तसंही जाणार आहे.

हे मी आज पहिल्यांदा असं लिहून बघितलं.

चिकूची_बी
माझं नाव का असं, ते सांगायचं राहिलं. चिकूचं मूळ झाड त्याच जंगलातलं. त्याच्या बुंध्याला तिरक्या चिरा देऊन चीक काढायचे, त्याला चिक्ले म्हणतात, आणि त्यापासून च्युइंगगम बनायचा. आपला "चिकू" हा शब्द तिथूनच आला. दुसऱ्या महायुद्धानंतर कारखान्यातला कृत्रिम डिंक आला आणि चिक्लेचा धंदा बसला. एकाच मालावर गाव टांगून ठेवू नका, हे ते लोक स्वतःच्या अनुभवाने सांगतात. आता शाते आहे, महोगनी आहे, रामोन नावाच्या बियांचं पीठ आहे.

सातपुडी
बाप्पा! म्हंजे आपला घोलवडचा चिकू ग्वातेमालाचा पावना? आन आमच्याकडे त चिकूचं कलम खिरनीवर बांधतात. सोयरीक जुनीच हाये म्हना.

रानभेंडी
+१. खिरणी आणि चिकू एकाच कुळातले, म्हणून कलम धरतं.

शनिवारवाडा
इतक्या लांब कशाला, नेपाळ आहे की. १९९३ च्या कायद्याने गावगटांना जंगल दिलं, आज वीस हजारांवर गट आहेत.

वैनगंगा
नेपाळचं चांगलंच आहे. पण तिथेही गटात जमीनवाले पुढे आणि दलित, भूमिहीन मागे, ही तक्रार जुनी आहे. ती सोडून कौतुक करू नका.

महाजन_सर
चिकूची_बी यांचं वाचून आनंद झाला, पण एक बाजू राहिली. बारातले दोन करार रद्द झाले ना? माझ्या वाचण्यात होतं.

चिकूची_बी
बरोबर, सान मिगेल आणि ला पासादिता. कुरणवाल्यांना आत जागा विकली, जंगल कमी झालं, करार गेला. म्हणजे "गावाला दिलं की जंगल वाचतं" असं सरसकट नाही. ज्या गावांत लाकूड आणि पानांचं उत्पन्न होतं आणि आधीपासून जंगलात वावर होता ती टिकली. नुकती बाहेरून येऊन वसलेली, शेती-गुरांवर जगणारी गावं अडखळली.

शेजारच्या मेक्सिकोत तर जमीनच गावाची, एहिदो म्हणतात. किंताना रो राज्यात एका कंपनीकडे जंगल बरीच वर्षं करारावर होतं, तिने महोगनी उचलली. १९८३ मध्ये तो करार संपला आणि एहिदोंनी आपलं जंगल स्वतः चालवायला घेतलं. गावसभेने जंगलाचा एक भाग कायमचा जंगलच राहील असं नकाशावर आखून ठेवलं. ही मला त्यातली सगळ्यात मोलाची गोष्ट वाटते. पण त्यांच्यातही वाटणीचं भांडण आहे. वर्षाअखेर नफा वाटून घ्यायची सवय लागली, यंत्र दुरुस्तीला पैसा उरला नाही. नेत्यांवर विश्वास उडाला तेव्हा एकाच एहिदोत लहान लहान कामगट फुटले. आणि सभासद कोण? जुन्या यादीतला घरचा कर्ता, बहुतेक पुरुष. सुनेला मत नाही. तुमच्या ग्रामसभेत तुम्ही रजिस्टर लिहिता, हे तिथल्या बायांना सांगितलं तेव्हा त्यांना खरं वाटेना.

निवृत्त_वनरक्षक
म्हणजे त्यांना २५ वर्षांचा करार आणि लाकूड विकायची मुभा. आपल्याकडे हक्काला मुदत नाही, पण इमारती लाकूड विकता येत नाही, फक्त गौण वनोपज. मला विचाराल तर आपलं बरं. साग विकायची मुभा असती तर माझ्या बीटात काय झालं असतं याची कल्पना करवत नाही.

वैनगंगा
काका, तो साग खातंच विकत होतं की इतकी वर्षं. :)

निवृत्त_वनरक्षक
कूप (तोडीचे पट्टे) आखून, आराखडा करून विकत होतं. चहा पाजला तर समोर बसून वाद घालू.

सिंदेवाहीकर
सगळे पैशाचं बोलता. आमच्याकडे तेंदू म्हटलं की वाघ. पहाटे अंधारात बाई वाकून पान तोडते, वाघाला ती जनावर वाटते. चंद्रपूर जिल्ह्यात दर हंगामात अशा बातम्या असतात. ग्वातेमालात जग्वार आहे ना, तो खातो का माणसं?

चिकूची_बी
जग्वारचा माणसावर हल्ला फारच दुर्मीळ. तिथली ती बाजू मला तुमच्यावर लादता येणार नाही. तुमचा प्रश्न तिथे नाहीच.

सिंदेवाहीकर
मग एवढंच सांगतो: उजाडल्याशिवाय जायचं नाही, चार-पाच जणींनी सोबत जायचं, एकीने उभं राहून बघायचं. आमच्या शेजारच्या पाड्यावर हे ठरलं तेव्हा पुडे कमी आले म्हणून कुरकुर झाली. पण झालं ते झालं. पुडा मोजणीवर दर असेल तर बाई पहाटे तीनला निघणारच, हे तुमच्या शातेवरून आत्ता डोक्यात आलं.

रानभेंडी
मोहाच्या आगीवर: झाडाखाली जाळी बांधली की पाला जाळावाच लागत नाही. फूल मातीत पडत नाही, स्वच्छ राहतं, भावही बरा मिळतो. आमच्याकडे ढिवरांची जुनी, विरलेली जाळी शिवून लावली होती. खर्च जवळपास नाही. फक्त माकडं.

सातपुडी
माकडं म्हटलं की येक आठोलं. कुठंसं वाचलं होतं, कोण्या देशात शेतकऱ्यायनं माकडासाठी नदीकाठची झाडं सोडली म्हनून. तो कोणता?

चिकूची_बी
बेलीझ, ग्वातेमालाच्या शेजारीच. १९८५ मध्ये काही शेतकऱ्यांनी स्वतःच्या जमिनीवर लेखी वचन दिलं, की नदीकाठचा झाडांचा पट्टा तोडणार नाही, म्हणजे काळ्या हाउलर माकडांना फिरता येईल. सरकारी सक्ती नव्हती. माकडं टिकली, पर्यटक आले. पण ती माकडं शेत लुटत नाहीत. आपल्या वानरासाठी कोणी वचन देईल असं वाटत नाही.

सातपुडी
मी त देनार नाई. माह्या तुरीले इचारा.

टेंभरू
(सोमवार)
ग्रामसभा झाली. सकाळी अकराला बसलो, चारला उठलो. मध्ये जेवण. सगळ्यांचे आभार, तुमचं बरंचसं मी कोणाचं नाव न घेता सांगून टाकलं. पानाची गोष्ट सांगितली तेव्हा एका काकूने विचारलं, "ते गाव कोणत्या तालुक्यात येते?" मी म्हटलं, लांब आहे.

बंद करायचं ठरलं नाही. चालू ठेवायचं तसंही ठरलं नाही. पोरांचं आणि बायांचं भांडण पाणवठ्याजवळच्या जंगलाच्या दोन कक्षांवर (नकाशावर आखलेल्या तुकड्यांवर) येऊन थांबलं. ते दोन कक्ष यंदापासून सोडले. तिथे तेंदू नाही, छाटणी नाही, मोह असेल तर जाळी. नकाशावर लाल पेन्सिलने आखले आणि खाली सगळ्यांचे अंगठे-सह्या घेतल्या. बाकी जंगलात तोडायचं, पण उजाडल्यावर आणि गटाने.

मुन्शीचा मुद्दा निघाला आणि त्यावर सगळ्यात जास्त वेळ गेला. गेल्या काही वर्षांत एकदा ठेकेदाराने हंगामाची रक्कम अर्धी दिली आणि उरलेली आजतागायत नाही. जीएसटी आल्यावर तेव्हाच्या १८ टक्के कराचं कारण सांगून भाव पाडायलाही त्यांनी कमी केलं नाही. आता करारात दोन ओळी जास्त घातल्या: निम्मी रक्कम तोडणी सुरू व्हायच्या आधी, आणि फळीवर मुन्शीसोबत गावातल्या दोन बाया बसणार. पान त्या बघणार. फाटकं, किडकं पान पुड्यात दिसलं तर पुडा परत, पण मग "खराब" म्हणून शंभरावर जास्तीचं काहीही देणार नाही. सासूबाईंनी स्वतःचं नाव दिलं. म्हणाल्या, मले सत्तर मोजता येते, आन मुन्शीले शिव्याही देता येते.

हे ठेकेदार मान्य करेल की नाही, ते पुढच्या आठवड्यात कळेल.

जाळरेषेचं तिसऱ्यांदा ठरलं. निवृत्त काका, या वेळी तारीख घातली आहे, येत्या बुधवारी. रुंदी किती ठेवायची तेवढं सांगा.

निवृत्त_वनरक्षक
जागा, उतार आणि गवत बघून सांगतो. बुधवारी येऊ का? सकाळची वडसा गाडी अजून आहे ना?

टेंभरू
आहे. साडेनऊला फाट्यावर पोचते. तिथून पोरगा गाडी घेऊन येईल. चहा आमच्याकडे, वाद वैनगंगाताई येतील तेव्हा.